न फोडलेली जुनी बास्केटबॉल कार्डं: किंमत नेमकी कशाची असते?

प्रश्न असा आलाय. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका भावाने जवळच्या गावातल्या एस्टेट सेलमधून (म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढतात तो) ४० डॉलरला एक खोकं उचललं. त्यात निघाली बास्केटबॉल खेळाडूंची कार्डं (हूप्स, फ्लीअर आणि टॉप्स हे ती काढणारे ब्रँड): १९९०-९१ हूप्सचे ४ सीलबंद बॉक्स, १९८९-९० फ्लीअरचा १ बॉक्स, आणि खाली बुटाच्या खोक्यात ६ सुटी मेणकागदाची पाकिटं, त्यातली ४ टॉप्स १९८०-८१ ची आणि २ फ्लीअर १९८६-८७ ची. त्याला विचारायचंय की हे सगळं किती लाखाचं आहे आणि पाकिटं फोडून मायकेल जॉर्डनचं कार्ड शोधावं की तशीच ठेवावीत.

मी शिकागोजवळ राहतो, १९९६ ला नोकरीसाठी इथे आलो आणि जॉर्डनच्या शिकागो बुल्स टीमच्या त्या वर्षांत पूर्ण गावच वेडं झालेलं होतं त्यामुळे मीही झालो, आणि १९९९ पासून फक्त न फोडलेला माल घेतो-विकतो, म्हणजे पाकिटं, बॉक्स, क्वचित अख्खी केस, म्हणजे बऱ्याच बॉक्सचं मोठं खोकं. हा माझा पोटापाण्याचा धंदा नाही पण या इतक्या वर्षांत हजारो पाकिटं हातातून गेलीत. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धवट माहितीवर लोक एकतर सोनं भंगारात देतात नाहीतर भंगाराला सोन्याचा भाव देऊन बसतात, दोन्ही मी जवळून बघितलंय.

सगळ्यात आधी ते ४ हूप्सचे बॉक्स. तुम्हाला वाईट वाटेल पण ते बाजूला ठेवा. १९८९ ते १९९२-९३ या काळात कार्डांचा जो धंदा फुगला तेव्हा कंपन्यांनी छापखाने रात्रंदिवस चालवले, आणि मुख्य म्हणजे तोपर्यंत लोकांना कळलेलं होतं की जुन्या कार्डांना पैसा येतो, त्यामुळे दुकानदार, बाप लोक, कॉलेजची पोरं सगळ्यांनी बॉक्सच्या बॉक्स घेऊन माळ्यावर टाकले की पोराच्या शिक्षणाला कामाला येतील. आता ज्या गोष्टीचा प्रत्येकाने साठा केला ती दुर्मिळ कशी होणार? ३५ वर्षं झाली तरी ते बॉक्स अजून गॅरेजमधून बाहेर पडतच आहेत. इथले लोक या काळाला जंक वॅक्स म्हणतात. एका बॉक्सचे तुम्हाला जे येतील त्यात घरच्यांना बाहेर जेवायला नेता येईल, त्यापलीकडे काही नाही. १९८९-९० चा फ्लीअर बॉक्स थोडा बरा, पण त्याच माळेतला.

मात्र हूप्सचे बॉक्स विकू नका, मुलांबरोबर बसून फोडा, मी मनापासून सांगतोय. त्यात २०५ नंबरचं मार्क जॅक्सनचं कार्ड शोधा, त्याच्या मागे कोर्टाच्या कडेला प्रेक्षकांत मेनेंडेझ बंधू बसलेले दिसतात, तेच, ज्यांना पुढे आईवडिलांच्या खुनासाठी जन्मठेप झाली. आणि २२३ नंबरचं सॅम व्हिन्सेंटचं कार्ड शोधा, त्यात जॉर्डन १२ नंबरच्या जर्सीत आहे. १४ फेब्रुवारी १९९० ला ऑर्लँडोत मॅचच्या आधी त्याची २३ नंबरची जर्सी चोरीला गेली, मग टीमकडे होती ती बिननावाची १२ नंबरची जर्सी घालून तो खेळला आणि ४९ पॉइंट केले. फोटोग्राफरने तो क्षण धरला आणि तो छापला गेला दुसऱ्याच खेळाडूच्या कार्डावर. असल्या गोष्टींसाठी हा छंद आहे.

आता खरी गोष्ट, बुटाचं खोकं.

न फोडलेल्या पाकिटाची किंमत वयामुळे येते असं सगळ्यांना वाटतं. तसं असतं तर १९९० चा बॉक्स आज ३५ वर्षांचा आहे, त्याला काहीतरी आलं असतं. किंमत तीन गोष्टींवरून ठरते: त्या वेळी किती जणांनी ते न फोडता ठेवलं, आत कोणाचं कार्ड निघू शकतं, आणि पाकीट खरंच कोणी उघडलेलं नाही यावर घेणाऱ्याचा विश्वास बसतो का. पहिल्या दोन गोष्टी पुस्तकात, वेबसाइटवर सापडतात. तिसरी प्रत्येक पाकिटाची वेगळी असते आणि सगळे पैसे तिथेच अडकतात, त्यामुळे मी तिच्यावरच जास्त लिहिणार आहे. पण आधी दुर्मिळतेचं बघू.

आपल्याकडे ८० च्या दशकात बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटची कार्डं यायची, आठवत असेल. तुमच्या ओळखीत कोणी गम न खाता, कागद न फाडता तो तसाच ठेवून दिला होता का? कोणीच नाही. कारण तो खाऊ होता, चिल्लर देऊन घ्यायचा आणि दुकानाच्या पायरीवरच फाडायचा. अमेरिकेत बास्केटबॉल कार्डांचं १९८६ पर्यंत अगदी हेच होतं, आणि त्यातही बेसबॉलच्या मानाने बास्केटबॉलला विचारत कोण होतं. १९४८ ला बोमनने ७२ कार्डांचा सेट काढला, त्यात जॉर्ज मायकनचं रुकी कार्ड, म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड. पुढे जवळजवळ दशकभर मोठा सेटच नाही. मग १९५७-५८ ला टॉप्सने ८० कार्डं काढली, तेव्हा एनबीएत टीमच होत्या ८, त्यात बिल रसेलचं रुकी कार्ड आहे जे मुळातच कमी छापलं गेलं. खप झाला नाही, टॉप्सने पुढच्या वर्षी काढलाच नाही. १९६१-६२ ला फ्लीअरने ६६ कार्डं काढली, विल्ट चेंबरलेन, जेरी वेस्ट, ऑस्कर रॉबर्टसन तिघांची रुकी कार्डं एकाच सेटमध्ये, तरी एका वर्षात गाशा गुंडाळला. टॉप्स परत आली ती १९६९-७० ला, लांबुळक्या कार्डांसह, ज्यांना इथे टॉल बॉय म्हणतात. त्यातलं २५ नंबरचं लू अल्सिंडर म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार.

या जुन्या पाकिटांची गंमत अशी की ती जपून ठेवावीत असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. जी उरली ती अपघाताने उरली, म्हणजे किराणा दुकान बंद पडलं आणि मागच्या खोलीत बॉक्स राहिला, किंवा एखाद्या घाऊक व्यापाऱ्याचा परत आलेला माल पोटमाळ्यावर पडून राहिला. म्हणून ती एकेकटी सापडत नाहीत, सापडली तर घबाडच सापडतं, आणि मग पुन्हा वर्षानुवर्षं काही नाही.

तुमच्याकडची १९८०-८१ टॉप्सची ४ पाकिटं. ही मला स्वतःला फार आवडतात. त्या वर्षी टॉप्सने विचित्र प्रयोग केला, एका कार्डावर तीन छोटी कार्डं, मध्ये फाडायला पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रेघ. त्यातल्या एकावर डावीकडे लॅरी बर्ड, मध्ये ज्युलिअस अर्विंग, उजवीकडे मॅजिक जॉन्सन. म्हणजे ८० चं दशक ज्या दोघांनी चालवलं त्या दोघांची रुकी कार्डं एकाच पुठ्ठ्यावर. आणि तेव्हाची स्थिती बघा, १६ मे १९८० ला फायनलच्या सहाव्या मॅचमध्ये करीम जखमी म्हणून २० वर्षांचा मॅजिक सेंटरला उभा राहिला आणि ४२ पॉइंट काढून लेकर्सना कप दिला, आणि ती मॅच देशातल्या बहुतेक ठिकाणी टीव्हीवर लाइव्ह दाखवलीच नाही, रात्री उशिरा रेकॉर्डिंग लावलं. ज्या खेळाची फायनल लाइव्ह दाखवत नव्हते त्याची कार्डं कोण साठवून ठेवणार? टॉप्सने पुढच्या वर्षीचा सेट काढला आणि मग बास्केटबॉल सोडूनच दिलं.

पाकिटात ८ कार्डं, वेगवेगळी कार्डं १७६, म्हणजे साधारण २२ पाकिटांत एक बर्ड-मॅजिक. बरोबर घडी घातलेलं टीमचं छोटं पोस्टर पण असतं. तीन तुकडे असल्यामुळे छपाई एका बाजूला सरकलेली, भोकांच्या कडा तुसासारख्या, त्यामुळे फोडून कार्ड निघालं तरी ते दहा ग्रेडचं, म्हणजे तपासणी कंपनीने दर्जाला दहापैकी दहा दिलेलं, असण्याची आशा फार कमी. सीलबंद पाकिटाला मात्र आज शेकड्यांत डॉलर मिळतात, खरं असेल तर.

मग मधली चार वर्षं. १९८२ ते १९८६ मध्ये दुकानात पाकिटात मिळणारं बास्केटबॉल कार्डच नव्हतं. स्टार नावाची कंपनी टीमप्रमाणे कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीलरमार्फत विकायची, जॉर्डनचं पहिलं कार्ड खरं तर त्यातलं १९८४-८५ चं १०१ नंबरचं. पण त्या पिशव्यांचा विषय वेगळा आहे, तिथे मागाहून छापलेल्या मालाच्या भानगडी आहेत आणि बरीच वर्षं पीएसए, म्हणजे कार्डं तपासून दर्जाचे गुण देणारी कंपनी, ती कार्डं ग्रेडच करत नव्हती. नवीन माणसाने स्टारच्या सील पिशवीच्या वाटेला जाऊ नये, एवढंच म्हणतो.

या चार वर्षांच्या खंडामुळे १९८६-८७ फ्लीअर इतका मोठा झाला. चार वर्षं तुंबलेले सगळे खेळाडू एकाच सेटमध्ये आले. जॉर्डन तर आहेच, पण बार्कली, युइंग, ओलाजुवॉन, कार्ल मलोन, ड्रेक्सलर, आयझिया थॉमस, डॉमिनिक विल्किन्स, जेम्स वर्दी, मलिन, ड्युमार्स, सगळ्यांचं फ्लीअरचं पहिलं कार्ड याच १३२ कार्डांच्या सेटमध्ये. शिवाय ११ स्टिकर, त्यात ८ नंबरचा जॉर्डन. पाकिटात १२ कार्डं, १ स्टिकर, १ गमची पट्टी. बॉक्समध्ये ३६ पाकिटं, केसमध्ये १२ बॉक्स. आणि हा माल तेव्हा नीट खपलाच नाही, दुकानदारांनी कमी भावात काढून टाकला. पुढे १९८९-९० नंतर जॉर्डनचं वेड सुरू झालं तेव्हा लोकांनी उरलेले बॉक्स शोधून शोधून फोडले. म्हणजे खप नाही म्हणून छपाई बेताची, आणि पुढे हाव म्हणून फोडाफोडी, अशा दोन्ही बाजूंनी हा माल आटला.

आता तुमचा प्रश्न, फोडावं का. हिशोब करा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. १३२ कार्डांतली १२ एका पाकिटात, म्हणजे ११ पाकिटांत एक जॉर्डन. तुमच्याकडे २ आहेत, तर किमान एक जॉर्डन कार्ड निघायची शक्यता साधारण १८ टक्के. स्टिकरचंही तेवढंच. आता निघाला तर तो कसा असेल? या कार्डाला लाल-पांढरी-निळी चौकट आहे, रंग कडेपर्यंत छापलेला, कटिंगच्या वेळीच कडा झडतात, छपाई सरकलेली असते, अंगावर काळे ठिपके असतात, मागे मेणाचा डाग, गमचा डाग. ताजं पाकिटातून काढलंय म्हणजे दहा ग्रेड मिळेल हा समज साफ चुकीचा आहे. पीएसएकडे या कार्डाच्या २०,००० च्या वर प्रती ग्रेड झाल्यात आणि त्यात दहाच्या ३०० च्या थोड्या वर, म्हणजे शेकड्याला दीड. १८ टक्क्यांतले दीड टक्के काढा, हजारात तीन वेळा तुमच्या हाती दहाचा जॉर्डन येईल. उरलेल्या ९९७ वेळा तुम्ही हजारो डॉलरची दोन पाकिटं फाडून १२-१२ साधी कार्डं आणि तुटलेला गम घेऊन बसाल, फारतर एखादा मध्यम ग्रेडचा जॉर्डन किंवा बार्कली.

सीलबंद पाकिटाचा भाव आतल्या कार्डांच्या सरासरी किमतीपेक्षा कायम जास्त असतो. लोक आशेचे पैसे देतात, आणि शिवाय प्रत्येक फुटलेल्या पाकिटाबरोबर उरलेल्यांची संख्या कमी होत जाते, त्याचेही देतात. फोडलं की या दोन्ही गोष्टी त्याच क्षणी संपल्या. म्हणून १९८६ आणि त्याआधीचं काहीही मी फोडत नाही आणि कोणाला फोडू देत नाही.

२०२० च्या एप्रिल-मेमध्ये जॉर्डनवरची डॉक्युमेंटरी आली, लोक लॉकडाऊनमध्ये घरात, हातात पैसे, आणि भाव असे चढले की जानेवारी २०२१ मध्ये दहा ग्रेडचं जॉर्डन फ्लीअर ७,३८,००० डॉलरला गेलं, एकाच लिलावात दोन प्रती, दोन्ही त्याच भावाला. काही महिन्यांत तेच कार्ड निम्म्याच्याही खाली आलं. पाकिटं आणि बॉक्सही त्याच्या मागोमाग वर गेले आणि खाली आले. ज्यांनी तेव्हा घेतलं त्यांच्यातले दोघं माझे मित्र आहेत, अजून सावरलेले नाहीत. त्यामुळे जुन्या लिलावाचा आकडा बघून मनात मांडे खाऊ नका, ईबेवर गेल्या दोन-तीन महिन्यांत प्रत्यक्षात विकलेल्या मालाचे भाव बघा, मागितलेले भाव नव्हे.

आता तिसरी गोष्ट, पाकीट खरं का. इथे जरा थांबून वाचा.

मेणकागदाचं पाकीट कसं बंद व्हायचं हे समजून घ्या. कार्डांच्या गठ्ठ्याभोवती कागद गुंडाळायचा, मागे एक उभा जोड, वर-खाली दोन टोकांच्या घड्या मागे दुमडायच्या, आणि गरम पट्टीने दाबायचं की कागदावरचं मेण वितळून चिकटतं. बस्स, गोंद नाही काही नाही. आता हेच सोपेपण चोराच्या कामाला येतं. हलक्या हाताने घडी सोडवली, आतलं चांगलं कार्ड काढलं, साधं घातलं, आणि घरच्या इस्त्रीने परत दाबलं, झालं. याला रिसील म्हणतात आणि १९८६ फ्लीअरमध्ये याचा सुळसुळाट आहे.

माझ्यावर हे २००५ ला ओढवलं. एका कार्ड शोमध्ये एका विक्रेत्याकडून १९८६ फ्लीअरची ३ पाकिटं घेतली, माणूस गोड बोलणारा, पाकिटं स्वच्छ, माझं तेव्हा इतकं शिक्षण झालेलं नव्हतं. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली बघताना एका पाकिटाची मागची घडी मला जाड वाटली. तिरक्या उजेडात धरलं तर तिथे एकाला लागून एक अशा दोन दुमडीच्या रेघा, मध्ये केसाएवढं अंतर. कागद १९ वर्षं एकाच जागी दुमडलेला असेल तर त्याला एकच रेघ असते, धारदार, जुन्या शालूच्या घडीसारखी. दोन रेघा म्हणजे कोणीतरी उलगडून परत घातलीय आणि आधीच्या रेघेवर नेमकी बसली नाही. मेणाचा पट्टा पण बघितला, फॅक्टरीचा अरुंद आणि सारखा असतो, इथे मेण फासल्यासारखं पसरलेलं होतं. मग ते एक पाकीट मी फोडलं. गमची पट्टी ज्या कार्डाला चिकटून होती त्या कार्डावर गमचा डागच नाही. इतकी वर्षं गम कार्डाला टेकून बसला तर त्याचा तपकिरी चौकोन उमटतोच, आणि मेणकागदालाही आतून गमच्या कडांचा उठाव येतो. इथे काहीच नाही. १२ च्या १२ साधी कार्डं. बायको समोर बसली होती, ती फक्त म्हणाली, "पावती आहे का?" नव्हती. उरलेली दोन पाकिटं अजून माझ्याकडे आहेत, नवीन मंडळी शिकायला येतात त्यांच्या हातात मी तीच देतो.

तर तुमची सहा पाकिटं टेबलावर घ्या, हात धुऊन कोरडे करा, मोबाईलचा टॉर्च बाजूने तिरका मारा. मागच्या घड्या बघा, रेघ एकच का. मेणाचा पट्टा सहाही पाकिटांवर सारखा दिसतो का, कुठे चकाकी जास्त, कुठे कागद तपकिरी पडलाय का, कारण इस्त्री जास्त तापली की कागद भाजतो. कोपऱ्यांवर गठ्ठ्याचा आकार उमटलेला दिसला पाहिजे. हलवून गम खुळखुळतो का ते बघायचा मोह होईल, बघू नका, जुना गम काचेसारखा ठिसूळ असतो, तुटून त्याच्या कपच्या कार्डात रुततात. आणि कागदातून आतलं कार्ड दिसतं का म्हणून लाइटवर धरून बसू नका, तसं करणारे लोक आहेत आणि त्यातून पुढचा घोटाळा तयार होतो.

तो घोटाळा असा. कार्डं १३२ च्या मोठ्या शीटवर छापली जायची, कापली जायची आणि मशीन ती ठराविक क्रमाने पाकिटात भरायची. त्यामुळे ज्यांनी बरेच बॉक्स फोडले त्यांना क्रम पाठ आहे, अमुक कार्डानंतर अमुक. मग पाकीट न उघडता, एखाद्या कार्डाचा अंदाज आला की जॉर्डन आहे की नाही हे सांगता येतं. म्हणजे सील खरं असूनही पाकीट छाननी झालेलं असू शकतं, जॉर्डनवाली बाजूला काढून बाकीची बाजारात. सुट्या पाकिटांना बॉक्समधल्या पाकिटापेक्षा भाव कमी मिळतो त्याचं एक कारण हे. १९८०-८१ चंही तेच.

बॉक्सचं बघायचं तर एक खूण लक्षात ठेवा. त्या काळातल्या बहुतेक मेणकागदी बॉक्सना फॅक्टरीचं प्लास्टिक रॅप नसायचंच, झाकण नुसतं दुमडलेलं. कोणी १९७० च्या दशकातला बॉक्स "ओरिजिनल रॅपमध्ये" म्हणून दाखवला तर मी तिथून उठतो. आज बाजारात दिसतं ते रॅप बीबीसीईसारख्या तपासणी करणाऱ्यांचं असतं, ते प्रत्येक पाकीट तपासून स्वतःचं रॅप आणि स्टिकर लावतात, आणि केस त्यांच्यासमोर फोडली असेल तर तसा वेगळा शेरा देतात, त्याला भाव जास्त. सुटी पाकिटं पीएसए प्लास्टिकच्या डबीत ग्रेड करून देते. पूर्वी आणखी एक कंपनी पाकिटं ग्रेड करायची, तिच्या डब्यांतली रिसील पाकिटं पुढे बरीच उघडकीला आली, म्हणून जुनी डबी दिसली की नाव बघा आणि दुसऱ्या माणसाला दाखवा.

आणि तपासणीचा स्टिकर आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. डिसेंबर २०२१ मध्ये यूट्यूबर लोगन पॉलने ३५ लाख डॉलरला पोकेमॉन कार्डांची सीलबंद केस घेतली, तपासणी झालेली होती, आणि जानेवारीत उघडली तर आत जी. आय. जो ची कार्डं. वरचं खोकं खरं दिसत होतं आणि आत कोणी पाहिलंच नव्हतं. तिथे तपासणाऱ्याचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही, पण केस न उघडता दिलेल्या शेऱ्याला मर्यादा असते हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. ती केस आधी कोणाकोणाच्या हातातून फिरली याची गोष्ट जुळत नव्हती, आणि माझ्या मते ती गोष्ट हाच मालाचा अर्धा भाव असतो.

साठवणीचं थोडक्यात. पाकिटं कडक प्लास्टिकच्या स्वच्छ डबीत ठेवा, दाबून बसणाऱ्या नाही, जरा सैल. रबरबँड नको, सेलोटेप तर अजिबातच नको. बेसमेंट नको कारण दमट, पोटमाळा नको कारण उन्हाळ्यात मेण सुटतं. राहत्या खोलीतलं कपाट सगळ्यात चांगलं. भारतात न्यायचा विचार असेल तर नेऊ नका. माझ्या ठाण्याच्या मावसभावाला मी १९९० च्या हूप्सची पाकिटं हौस म्हणून दिली होती, दोन पावसाळ्यांत कार्डं एकमेकांना चिकटली आणि कागदाला कसर लागली. ती स्वस्त होती म्हणून ठीक.

विकायचंच असेल तर घाई नको. ईबेवर १३ टक्क्यांच्या आसपास कापले जातात, लिलावगृहाचं कमिशन वेगळं, आणि इथे वस्तू वर्षभराच्या वर ठेवून विकली तर संग्रहाच्या वस्तूंवर कॅपिटल गेन २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो, शेअरसारखा नाही, तुमच्या भारतातल्या सीएला नको, इथल्या सीपीएला विचारा. टॉप्सची ४ पाकिटं मी असतो तर ठेवली असती, नाहीतर २ विकून २ ठेवली असती. फ्लीअरची २ आधी ग्रेडिंगला. ग्रेड होऊन आली तर ती खरी आहेत आणि तुमच्या ४० डॉलरचं सोनं झालं. परत आली तर कळेल की का, आणि तेही शिकण्यासारखंच.

पण पाठवण्याआधी एक काम करा, आणि ते याच आठवड्यात करा कारण नंतर राहून जातं. एस्टेट सेलवाल्यांना फोन करून त्या घरच्यांशी बोलता येईल का विचारा. ही पाकिटं कोणाची, मुलाची की दुकानदार काकाची, कुठल्या गावच्या दुकानातून घेतली, कधीपासून त्या बुटाच्या खोक्यात आहेत. जे सांगतील ते तारखेसह लिहून घ्या, शक्य झालं तर त्यांची सही घ्या, सेलची पावती आणि खोकं उघडलं तेव्हाचे फोनमधले फोटो त्याच्याबरोबर ठेवा. आणि ते बुटाचं खोकं फेकू नका, झाकणावर किंवा तळाशी कोणी पेन्सिलने काही लिहिलंय का ते उजेडात नीट बघा, आणि त्याचे फोटो मला पाठवा.